पंचवीस बिंदूंचं रान

वाघबकरीचा पट काढायला विटेचा एक तुकडा पुरतो. देवळाच्या ओट्यावर हातभर चौकोन आखायचा, त्यात पाच उभ्या नि पाच आडव्या रेघा, मग दोन कर्ण, आणि शेवटी चारही बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार तिरप्या रेघा. झाला पट. त्यात १६ घरं आणि २५ बिंदू. सोंगट्या घरांत बसत नाहीत. रेघा जिथे मिळतात त्या बिंदूंवर बसतात. चार कोपऱ्यांत चार वाघ. सौंदडसारख्या रेल्वे स्टेशनाच्या गावात वाघ म्हणून गिट्टीचे खडे येतात आणि बकऱ्या म्हणून चिंचोके. बकऱ्या २०. सुरुवातीला त्या पटाबाहेर, खेळणाऱ्याच्या मुठीत असतात.

वाघ किती, बकऱ्या किती, हे गावागणिक बदलतं. पटाचा आकारही बदलतो. तमिळ मुलखात याच कुळातला खेळ त्रिकोणी पटावर चालतो, नेपाळात त्याला बाघचाल म्हणतात. मी इथे चार वाघ आणि वीस बकऱ्यांची तऱ्हा धरली आहे, कारण तिची बांधणी सगळ्यांत घट्ट आहे आणि तिचा कसून अभ्यासही झाला आहे. एखादी कविता ओळीओळीने वाचावी तसा हा खेळ नियमानियमाने वाचता येतो. गेम डिझाइन शिकायला निघालेल्या मुलामुलींनी तो तसा वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अशी मुलं आता आमच्या सडक अर्जुनी तालुक्यातही आहेत. सौंदडवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. त्याच्या एका अंगाला नवेगावचं रान, दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याचं. बारावी झालेलं पोरगं विचारतं, गेम बनवायला शिकायचं तर कुठे जायचं? वाटा आहेत. मुंबईत आयआयटीची डिझाइनची शाळा १९६९पासून उभी आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरूच्या परिसरात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०२५मध्ये मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, ती तर अ‍ॅनिमेशन, गेमिंग आणि आभासी वास्तवासाठीच. तिथे संगणक असतील, डोक्यावर चढवायची हेडसेट असतील, युनिटी आणि अनरियल ही इंजिनं असतील. पण गेम डिझाइनच्या वर्गात सुरुवातीला बहुतेक ठिकाणी कागद, कात्री आणि सोंगट्या हातात देतात. आधी नियम उभा करा, खेळून पाहा, मोडा, पुन्हा उभा करा. चित्र, आवाज, कोड हे सगळं नंतर. आमच्या मुलांनी हा पहिला धडा ओट्यावर गिरवलेला असतो. तो धडा होता, एवढं मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता पटाकडे वळू. वरवर पाहता सगळे बिंदू सारखे दिसतात. पण प्रत्येकातून किती वाटा फुटतात ते मोजा. कोपऱ्यातून तीन. कडेच्या मधोमधच्या बिंदूतून पाच, कडेच्या उरलेल्या बिंदूंतून तीन. आत शिरलं की मध्यबिंदूतून आठ, त्याला तिरके लागून असलेल्या चार बिंदूंतूनही आठ-आठ, आणि त्याच्या सरळ शेजारच्या चार बिंदूंतून फक्त चार. म्हणजे मधल्या टापूत मोकळा बिंदू आणि अडचणीचा बिंदू आलटून पालटून येतात. या पटावरून चालताना प्रत्येक पावलाला स्वातंत्र्य वाढतं किंवा घटतं. ज्या दिवशी आठांच्या बिंदूवर उभा असलेला वाघ उद्या चारांच्या बिंदूवर ढकलला जाईल हे बकरीवाल्याला दिसू लागतं, त्या दिवशी त्याला पट वाचता आला म्हणायचं. आजचे डिझाइनर याला लेव्हल डिझाइन म्हणतात आणि त्यासाठी डोंगर, दऱ्या, भिंती रचतात. इथे नुसत्या तिरप्या रेघा गाळून किंवा घालून रान तयार झालं आहे.

आणि या रानात वाघ कुठे ठेवलेत? कोपऱ्यांत, म्हणजे सगळ्यांत कमी वाटांच्या जागी. खेळातला सर्वांत बलवान जीव सर्वांत कंगाल जागेवरून सुरुवात करतो. मला ही या रचनेतली पहिली थोर गोष्ट वाटते. वाघ मध्यावर ठेवला असता तर त्याचं बळ पहिल्या क्षणापासून पसरलं असतं आणि बकरीवाल्याचा हात उठलाच नसता. कोपऱ्यात ठेवल्यामुळे वाघाला बाहेर यावं लागतं. त्याच्या बळाला प्रवास करावा लागतो आणि त्या प्रवासात बकऱ्यांना वेळ मिळतो.

तरी पहिल्या बकरीची भीती खरीच आहे. वाघाचा मारायचा नियम सरळ: शेजारच्या बिंदूवर बकरी असेल आणि त्याच रेघेत तिच्यापलीकडचा बिंदू रिकामा असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती पटावरून जाते. रिकामे बिंदू २१. त्यांपैकी कोपऱ्यांना लागून असलेले १२ बिंदू असे, की पहिली बकरी तिथे ठेवली की वाघ लगेच उडी घेतो. उरले नऊ. कडांचे चार मध्य, पटाचा मध्य आणि त्याच्या सरळ शेजारचे चार. खेळणाऱ्या लेकराला हे गणित कोणी शिकवत नाही. दोन-तीन बकऱ्या गमावल्यावर बोटच आपोआप त्या बिंदूंवरून बाजूला सरतं. शिकवायचं सूत्र एकही शब्द न बोलता खेळाच्या पोटात ठेवणं, हे डिझाइनच्या वर्गात फार कष्टाने शिकवलं जातं.

या खेळाचा प्राण मात्र पुढच्या नियमात आहे. बकऱ्या एकेक करून पटावर येतात आणि सगळ्या वीस आल्याशिवाय एकही बकरी हलू शकत नाही. तोवर वाघ मात्र दर डावाला चालतात. रोवणीच्या दिवसांत चिखलात पऱ्हे खोचत जावे तशा या बकऱ्या लागतात. खोचलं ते खोचलं. उपटून दुसरीकडे लावता येत नाही, पण पुढची ओळ कुठे धरायची ते हातात असतं. म्हणून पहिल्या वीस चालींमध्ये पटावर दोन वेगळे काळ एकाच वेळी चालू असतात. वाघाचा काळ वर्तमान आहे: आत्ता कुठे उडी मारता येईल. बकरीचा काळ भविष्य आहे: हे इथे लावलं तर सात चालींनंतर काय होईल. खेळणारी माणसं बोलतात त्यातही हे उतरतं. वाघवाला गप्प राहत नाही, डिवचत राहतो. बकरीवाला बोलत नाही. मुठीतले चिंचोके तो अंगठ्याने चाचपतो, किती उरले ते न बघता मोजतो. शेजारी बसलेलं म्हातारं माणूस त्यालाच सांगतं, “घाई नको करू, बापू.” वाघाला हा सल्ला दिलेला मी कधी ऐकला नाही.

उडीच्या नियमाकडे परत येतो, कारण तो जितका वाचावा तितका उलगडतो. बकरी का मरते? वाघ शेजारी आहे म्हणून नाही. तिच्या पाठीमागची जागा रिकामी आहे म्हणून. वाघ नाकासमोर उभा असला तरी मागे दुसरी बकरी असेल तर तो हतबल असतो. बकरीला शिंगं दिली नाहीत, धावायचा वेग दिला नाही, वाघाला मारायचा कोणताही उपाय दिला नाही. दिलं ते एवढंच: पाठीशी कोणी उभं असलं तर ती मरत नाही. मग पटावर कडांचं महत्त्व उजळतं. कडेवरच्या बकरीवरून वाघ फक्त कडेच्याच रेघेने उडी मारू शकतो, आतून बाहेर उडी घ्यायला जागाच नसते. आणि कोपऱ्यातली बकरी तर कधीच मरत नाही. म्हणून मुरलेला बकरीवाला कडा भरत येतो, आणि वाघाने सोडलेला कोपरा मिळाला की तिथे हळूच एक चिंचोका ठेवतो. वाघाचं घर बकरीचा सर्वांत निर्धास्त मुक्काम होतं. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, नियमांच्या एकमेकांवर पडलेल्या सावलीतून आलं आहे.

आता शेवट. बकऱ्या जिंकतात तेव्हा वाघ मरत नाही, कोंडला जातो. चारही वाघांना हलता येऊ नये, उडी मारता येऊ नये, एवढंच. वाघवाला जिंकतो ते पाच बकऱ्या मारून. एका बाजूचा विजय मोजणीचा, दुसऱ्या बाजूचा विजय स्थितीचा. एक वाघ कोपऱ्यात कोंडायला सहा बकऱ्या लागतात: तीन त्याच्या तीन वाटांवर आणि तीन त्यांच्या पाठीशी. तोच वाघ पटाच्या मध्यावर असला तर सोळा लागतात. सहा आणि सोळा. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळा डाव मावतो. चारही वाघ आपापल्या कोपऱ्यांत कोंडायचे झाले तर काही बकऱ्या दोन-दोन वाघांना, मधली तर चौघांनाही पुरते, म्हणून सतरांत भागतं. विसांतल्या तीन मेल्या तरी हा व्यूह उभा राहतो. चौथी मेली की तो उभा राहत नाही, मग वाघांनाच एकमेकांच्या वाटेत आणून अडवावं लागतं. वाघ वाघावरून उडी मारू शकत नाही ना. पाचवी मेली की डाव संपला. रेषा कुठे आखायची हे कोणी ठरवलं असेल, किती पिढ्यांनी चार धरून पाहिलं असेल, सहा धरून पाहिलं असेल, माहीत करून घ्यायला वाट नाही. पण पाच हा आकडा जिथे बसला आहे तिथे तो घट्ट बसला आहे.

दोन्ही बाजूंना वेगळं बळ, वेगळी संख्या, वेगळं ध्येय देऊन तोल राखणं ही गेम डिझाइनमधली अवघड कामगिरी. बुद्धिबळात दोन्ही सैन्यं सारखी, म्हणून न्याय आपोआप मिळतो. इथे तो घडवावा लागतो. २०१६मध्ये माँट्रियलच्या बिहेविअर इंटरअ‍ॅक्टिव्हने डेड बाय डेलाइट आणला, त्यात चार माणसं एका मारेकऱ्यापासून पळतात आणि त्याला मारू मात्र शकत नाहीत. वाघबकरीचंच हे दूरचं भावंड, आणि त्याचा तोल साधायला निर्माते वर्षानुवर्षं आकडे बदलत आले आहेत. कॅस्टिलच्या दहाव्या अल्फोन्सोने १२८३मध्ये खेळांचा जो ग्रंथ लिहवून घेतला, त्यातही अशाच पंचवीस बिंदूंच्या पटावर एक ससा आणि त्याला घेरणारे अनेक, असा खेळ आहे. तिथे थोड्यांना बहुतांनी घेरायचं आणि इथेही तेच.

तोल खरंच साधला आहे का, याचं उत्तर संगणकाने दिलं. यू जिन लिम आणि युर्ग नीव्हरगेल्ट या दोघांनी या खेळाचा छडा लावला. सगळ्या बकऱ्या पटावर आल्यानंतरच्या सुमारे ८.८ कोटी स्थिती त्यांनी तपासल्या, मग मांडणीच्या टप्प्याकडे मागे आले. दोन्ही बाजू एकही चूक न करता खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो, हा त्यांचा निष्कर्ष. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला. फाशांची मदत न घेता, नशिबाला शिरकाव न देता, इतक्या विषम बाजूंना समोरासमोर बसवून तोल समेवर आणून ठेवणारे हात कोणाचे होते कोण जाणे, पण ते कसलेले होते.

दोषही सांगायला हवा. बकऱ्या लागून झाल्या की दुसऱ्या टप्प्यात डाव रेंगाळू शकतो. तेच दोन बिंदू, तीच बकरी पुढे, तीच मागे. नेपाळात म्हणूनच पूर्वीची मांडणी पुन्हा येऊ द्यायची नाही असा नियम घालतात. ओट्यावर तो नियम बहुधा नसतो. तिथे कोणीतरी कंटाळून हात फिरवतो आणि पट मोडतो. पहिल्या टप्प्यातला ताण दुसऱ्यात टिकत नाही, हे मला या रचनेतलं खरं उणं वाटतं.

रसाचं काय? २००४मध्ये रॉबिन हनिके, मार्क लब्लाँ आणि रॉबर्ट झुबेक यांनी एक मांडणी केली, ती आता गेम डिझाइनच्या बहुतेक वर्गांत शिकवतात. खाली नियम, नियम चालू झाले की त्यातून घडणारं वर्तन, आणि त्या वर्तनातून उठणारी भावना. डिझाइनर नियमाकडून भावनेकडे जातो, खेळणारा भावनेकडून नियमाकडे. ज्याने भरताचं रससूत्र ऐकलं आहे त्याला हे परकं वाटणार नाही. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असं भरत म्हणतो. भीती रंगवून सांगितल्याने भयानक रस येत नाही, ती जिथून उठेल अशी रचना करावी लागते. चिंचोक्याला डोळे नाहीत, तो बें बें करत नाही, रक्त सांडत नाही. तरी सातवी-आठवी बकरी लावताना बकरीवाल्याच्या छातीत जे होतं ते भयच आहे. आणि पंधरावी-सोळावी लागताना तेच भय कडक होत जातं, त्याला धीराचा पोत येतो. एका चिंचोक्याचं हे भय सगळ्या कळपाचं होतं. भट्टनायकाने नाटकाच्या प्रेक्षकाबद्दल सांगितलेलं साधारणीकरण इथे खेळणाऱ्याच्या बाबतीत घडतं, फक्त फरक असा की प्रेक्षकाला काही करायचं नसतं आणि इथे पुढची बकरी त्यालाच ठेवायची असते. रसाच्या चर्चेत हा करणारा रसिक मराठीत अजून नीट आलेला नाही. तो यायला हवा.

आता हेडसेटकडे. १९६८मध्ये आयव्हन सदरलँडने डोक्याबरोबर फिरणारं चित्र दाखवणारं पहिलं यंत्र उभं केलं. ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. आज ते चष्म्याच्या जवळ आलं आहे. हे शिकणाऱ्यांना मेल स्लेटर यांनी २००९मध्ये केलेला एक भेद फार उपयोगी पडतो. आपण खरंच त्या जागी आहोत असं वाटणं एक; तिथे जे घडतं आहे ते खरंच घडतं आहे असं वाटणं दुसरं. पहिलं यंत्राच्या बळावर मिळतं. दुसरं रचनेच्या बळावर. ओट्यावरच्या पटाकडे पहिलं अजिबात नाही, कोणालाही आपण रानात आहोत असं वाटत नाही. दुसरं मात्र काठोकाठ आहे.

म्हणून गेम डिझाइन शिकायला गेलेलं आमच्याकडचं एखादं पोर वाघबकरी आभासी वास्तवात करायला घेईल, आणि घेईलच, तेव्हा पहिला मोह होईल नागझिऱ्याचं रान उभं करायचा. साग, बांबू, मोहाचं झाड, पाणवठा, आणि झाडीतून येणारा वाघ. ते देखणं होईल. पण त्यात वाघबकरी उरणार नाही, कारण या खेळाला वरून पाहणं लागतं. सगळे बिंदू एका नजरेत हवेत. लांबून पाहिल्याने गुंतणं कमी होतं हा समजही तपासायला हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये केलेल्या राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक या गेममध्ये कॅमेरा वारंवार इतका मागे जातो की किल्ल्याच्या विस्तारात राजी नावाची ती पोर बोटाएवढी दिसते, आणि तिच्याबद्दलची काळजी त्या लहानपणानेच वाढते. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत या गेमला नामांकन मिळालं, ते मला रास्त वाटतं.

तरीही हेडसेटमध्ये एक गोष्ट करता येईल, जी ओट्यावर करता येत नाही, आणि ती या खेळाच्या गाभ्याची आहे. खेळणाऱ्याला बकरी करा. समोर वाघ हवाच, पण खरा प्रश्न समोरचा नाही, पाठीमागचा आहे. हेडसेट घातलेल्या माणसाला पाठीमागचं दिसत नाही, वळून बघावं लागतं. वळला की समोरचा वाघ नजरेआड. मागे दुसरी बकरी असेल तर तिचा श्वास, खुरांची चाळवाचाळव मागच्या बाजूने ऐकू यावी. नसेल तर मागून काहीच येऊ नये. पलीकडचा बिंदू रिकामा, हा पटावरचा नियम तिथे पाठीवर जाणवणाऱ्या शांततेत उतरेल. दिशेसह येणारा आवाज हे आजच्या हेडसेटचं बलस्थान आहे, आणि हा नियम त्याचीच वाट बघत असल्यासारखा आहे. चार जणांनी चार बकऱ्या व्हायचं, एकमेकांना दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. मग मधेच एकजण कडेकडे सरकला की उरलेल्यांना कळेल, कोणाची पाठ उघडी पडली.

हे करणाऱ्याने पहिला महिना संगणक उघडू नये असं मी म्हणेन. मोठ्या खोलीच्या फरशीवर खडूने पंचवीस बिंदू आखावेत, मित्रांच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्यांना बिंदूंवर उभं करावं आणि एकाला वाघ करावं. बकऱ्यांनी हलायचं नाही, हा नियम पहिल्या फेरीत ठेवावा, दुसऱ्या फेरीत काढावा. माझा अंदाज असा की काढल्यावर खेळ ढासळेल, सगळे एकाच कोपऱ्याकडे धावतील. तसं झालं तर किती बकऱ्या लागल्यानंतर पाय सोडायचे तो आकडा शोधायचा: दहा, बारा, की जुन्या लोकांनी धरला तोच वीस.